हात न लावलेला पियानो

सिस्टरांच्या घराचं दार अर्धंच उघडायचं. पुढे ते पियानोला टेकायचं. त्यामुळे येणारा माणूस, मग तो मीटर बघणारा असो की घरातला जावई, अंग चोरून आडवाच आत शिरायचा आणि शिरल्या शिरल्या विचारायचा, "वाजवता का तुम्ही?"

"मी? छे हो! मला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही," सिस्टर सांगायच्या. "आणि हा वाजवायचा नाहीच मुळी. हा आपला आपण वाजतो. म्हणजे वाजायचा."

छत्तीस वर्षं त्यांनी रुग्णालयात काढली होती. त्यातली शेवटची वीस छातीच्या वॉर्डात, म्हणजे दम लागलेल्या, खोकणाऱ्या, श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसांत. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत लहानथोर त्यांना सिस्टरच म्हणत. खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

पियानो मूळचा शेजारच्या ट्यूनरकाकांचा. काकांचं उभं आयुष्य लोकांच्या पियानोंचे सूर लावण्यात गेलं. एक जुनं हॉटेल बंद पडलं, तेव्हा तिथला हा अजस्र पियानो उचलून न्यायला कुणी धजेना, म्हणून मालकाने तो काकांच्या गळ्यात घातला. काकांना कोण आनंद! दुरुस्त करू, पुन्हा वाजता करू, असे मनोरे त्यांनी रचले. पण तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. चहाची बशी धरली तरी चहा सांडायचा. तिथे पियानोच्या आतल्या नाजूक नळ्यांना कोण हात लावणार?

काकांना आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. सिस्टर ड्यूटीवरून परतताना त्यांच्याकडे डोकावायच्या. औषधं द्यायच्या, नखं कापायच्या, अंथरूण बदलायच्या. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत काकांनी त्यांना पियानोबद्दल इतकं सांगितलं, की ऐकून ऐकून सिस्टरांचे कान किटले.

"हा कागद बघा, सिस्टर," एक गुंडाळी उलगडून काका सांगत. "याला भोकं आहेत. भोक समोर आलं की हवा आत शिरते, आतला छोटा भाता मिटतो आणि पट्टी खाली जाते. असे पियानो पुष्कळ असतात. पण ते कारकुनासारखे वाजतात, सगळे सूर एकाच जोराचे. हा तसला नाही. कडेची ही जादा भोकं दिसतात ना? वाजवणाऱ्याने कुठे हात हलका केला, कुठे जोर दिला, कुठे थबकला, ते सगळं यांच्यात आहे. तो माणूस केव्हाच मरून गेला, पण त्याचा हात या कागदात आहे."

सिस्टर हो हो म्हणायच्या. आजाऱ्याला हो म्हणायची त्यांना जन्माची सवय.

काका गेले आणि पियानो सिस्टरांकडे आला. सोबत कागदाच्या गुंडाळ्यांचे एकेचाळीस खोके आले, आणि तीन सूचना. हवा कोरडी असेल तेव्हा खालच्या कप्प्यात पाण्याची वाटी ठेवायची. आतल्या लोकरीला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायच्या. आणि घाईघाईने कुणालाही आत हात घालू द्यायचा नाही. सिस्टरांनी या सूचना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांसारख्या पाळल्या. अकरा वर्षं. एक वाटी चुकली नाही.

पण पियानो काही वाजला नाही. आणि हेच सिस्टरांच्या मनाला खात होतं. पलीकडच्या रस्त्यावर पियानो शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्या एकदा येऊन झाकण उघडून बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "एवढी सोन्यासारखी वस्तू, आणि तुम्ही तिची माती केलीत हो." हे वाक्य सिस्टरांच्या काळजात रुतून बसलं. त्यांनी त्याच आठवड्यात एका कारागिराला बोलावलं. त्याने आत डोकावून बघितलं. "सगळ्या नळ्या उपटून टाकू, प्लास्टिकच्या घालू, वरून चिकटपट्टी मारू. दोन दिवसांचं काम," असं म्हणाला आणि सोमवारी येतो सांगून जो गेला तो गेलाच. त्याच्या नावाने सिस्टरांनी बोटं मोडली, आणि पुढे कुणाला बोलावण्याचा धीर त्यांना झाला नाही.

आता मात्र गुडघ्यांनी संप पुकारला होता. सिस्टर भाचीकडे राहायला जायच्या होत्या. भाचीचं घर आटोपशीर. तिथे सिस्टर मावतील, त्यांचं एक कपाट कसंबसं मावेल की नाही याचीच शंका, मग पियानोची काय कथा! भाचीने फोटो काढून जाहिरात टाकली: "जुना, आपोआप वाजणारा पियानो. बंद आहे. कधीही दुरुस्त केलेला नाही."

"कधीही दुरुस्त केलेला नाही, हे कशाला लिहिलंस?" सिस्टर कष्टी होऊन म्हणाल्या. "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"मावशी, खरं ते लिहिलं. उगीच कुणी फसायला नको."

पाच आठवडे कुणी फिरकलं नाही. मग एक फर्निचरवाला आला. देहाने आडवा, आवाज नगाऱ्यासारखा, आणि प्रत्येक दोन वाक्यांत स्वतःच्या सोफ्यांचं कौतुक. भाचीने त्याचं नाव तिथल्या तिथे सोफावाले ठेवून दिलं. त्याने पियानोच्या लाकडावर हात फिरवला, बोटाने ठोकलं आणि खूश झाला.

"झकास लाकूड! आतलं सगळं खटलं काढून टाकू. वर काचेची फळी, आत दिवे, बाटल्या ठेवायला कप्पे. गिऱ्हाईक डोक्यावर घेऊन नाचेल."

सिस्टरांना ते ऐकवेना. पण दुसरं कोण येणार होतं? निदान लाकूड तरी राहील, सरपण तर होणार नाही. त्यांनी मान डोलावली. गुरुवारी सकाळी अकराला ट्रक येईल असं ठरलं.

बुधवारी दुपारी फोन वाजला. कुणी अनोळखी बाई बोलत होत्या, आणि त्यांचे प्रश्न मोठे विचित्र होते.

"आतल्या नळ्या काळ्या आहेत की रंगीत? कुणी बदलल्यात का? भात्यांवर कुठे चिकटपट्टी मारलीय? पांढरा डिंक कुठे दिसतोय?"

"काही नाही हो. कुणी हातच लावलेला नाही," सिस्टर ओशाळून म्हणाल्या.

मग त्या बाई म्हणाल्या, "मी येऊ?"

"येऊन काय उपयोग? मी शब्द दिलाय. उद्या अकराला नेणार आहेत."

"मग मागणार नाही तुमच्याकडे. नुसता बघते आणि जाते. पहाटेची बस पकडली तर साडेआठपर्यंत पोचेन."

नुसतं बघायला कुणी चार तासांचा प्रवास करतं? सिस्टरांना नवल वाटलं. पण नाही कशाला म्हणा!

गुरुवारी साडेआठच्या ठोक्याला बाई दारात हजर. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, खांद्याला कातडी पिशवी. दार अर्धंच उघडतंय हे बघून त्यांनी काही न विचारता पोट आत घेतलं आणि सरळ पियानोपाशी गेल्या. चहा नको, पाणी नको. खालची फळी काढली, विजेरी लावली आणि जमिनीवर आडव्याच झाल्या. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते.

सिस्टर आणि भाची एकमेकींकडे बघत राहिल्या.

बाई बाहेर आल्या तेव्हा केसांना धूळ लागलेली, आणि डोळ्यांत पाणी. सिस्टर दचकल्या. त्यांना वाटलं, आता बोलणी बसणार.

"माफ करा हो," त्याच आधी म्हणाल्या. "मला काय करावं ते कळलंच नाही कधी. अकरा वर्षं नुसता ठेवला. वाया घालवला मी."

"वाया?" बाई जमिनीवरच बसल्या होत्या. "सिस्टर, तेवीस वर्षं मी हेच काम करते. माझ्याकडे येणारा प्रत्येक पियानो कुणीतरी आधी 'दुरुस्त' केलेला असतो. भात्यांना नको तो डिंक फासलेला असतो, तो काढताना लाकूड फाटतं. आतली चामडी चकती कापून फेकून दिलेली असते. मग मूळची कशी होती ते कुणाला विचारायचं? तुमच्या पियानोत सगळं सरसाने चिकटवलंय, पहिल्या कारागिराने चिकटवलं तसं. सरस ऊब दिली की सुटतो, काही फाटत नाही. इथे एकेक तुकडा जागच्या जागी आहे. आणि ती पाण्याची वाटी कुणी ठेवली?"

"मीच. काकांनी सांगितलं होतं."

"म्हणून लाकडाला चीर नाही. आणि लोकरीला कसर नाही. तुम्ही काही केलं नाहीत म्हणता? याच्यासाठी जे करायला हवं होतं तेवढंच केलंत."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. छातीवरचा दगड कुणी उतरवावा तसं त्यांना झालं. मग त्यांना तो कारागीर आठवला आणि त्या एकदम हसायला लागल्या. "अगं बाई! तो सोमवारी आला असता तर? त्याला मी इतक्या शिव्या मोजल्या. कुठे असेल तिथे सुखी राहो तो मेला!"

घड्याळात साडेनऊ झाले होते. बाई उठल्या, पण त्यांचे हात काही पियानोवरून निघेनात.

"व्हॅक्यूम क्लीनर आहे घरात?" त्यांनी विचारलं. "याचा पंप आता चालणार नाही. पण हवा खेचली, तर कोण जाणे, दोनचार सूर जागे होतील. जायच्या आधी एकदा ऐकू तरी."

भाचीने वरच्या मजल्यावरून व्हॅक्यूम क्लीनर मागून आणला. बाईंनी त्याची नळी पियानोच्या खालच्या मोठ्या तोंडाला लावली, सांध्याभोवती चिंधी गुंडाळली. एक गुंडाळी वर बसवली आणि कागदाचं टोक खालच्या रुळावर अडकवलं. कागद फिरवणारं यंत्रही बंद होतं, तेव्हा रूळ हातानेच फिरवायचा होता. यंत्र घरघरायला लागलं. पियानो मात्र ढिम्म.

"कुठूनतरी हवा गळतेय," बाई ओरडल्या. "या आवाजात कळणार कसं?"

पण सिस्टरांना कळलं. वीस वर्षं वॉर्डात त्यांनी दुसरं काय केलं होतं? नळ्या, बाटल्या, हवा खेचणारी यंत्रं. कुठल्या खाटेवरची नळी गळतेय हे त्या दारातून सांगायच्या. गुडघ्यांची पर्वा न करता त्या खाली बसल्या, डोळे मिटले, कान लावला. उजवीकडे, मागच्या बाजूला बारीक शीळ वाजत होती. त्यांनी आत हात घातला आणि तडकलेली नळी दोन बोटांत अशी धरली, की नवी बसवली असती तरी इतकी घट्ट बसली नसती.

"फिरवा आता!"

बाईंनी रूळ फिरवला. एक पट्टी खाली गेली. आपली आपण. मग दुसरी. मग मधल्या तीन राहूनच गेल्या आणि चौथी गेली. सूर बेसूर झालेले, पुष्कळसे गायब, दात पडलेल्या म्हाताऱ्याने गाणं म्हणावं तसं. भाचीने तोंडावर हात ठेवला. कुठलीशी संथ नाचाची चाल होती. हळूहळू वर चढत गेली आणि अगदी वरच्या सुराच्या आधी अडखळली. अडखळली नाही, थबकली. आणि मग तो वरचा सूर इतका हलका आला, की जणू कुणी झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं.

सिस्टरांच्या अंगावर काटा आला. माणूस कसा श्वास घेतो ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तो वाजवणारा त्या सुराच्या आधी श्वास घेत होता.

"काका खरं सांगत होते," त्या म्हणाल्या. "आणि मी नुसतं हो हो म्हणत होते." नळी धरलेला हात त्यांनी हलवला नाही, म्हणून डोळे पुसता येईनात. दोन वर्षं त्या काकांची सेवा करत होत्या, असंच त्या समजत आल्या होत्या. त्या म्हाताऱ्याने त्या बदल्यात आपल्याला केवढं काय देऊन ठेवलंय, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी मनातल्या मनात काकांना नमस्कार केला.

"वा!" दारातून नगारा वाजला. सोफावाले आडवे होऊन अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले होते. किती वेळ ते तसे उभे होते देव जाणे. मागे त्यांची चार माणसं, हातात दोर आणि घोंगड्या. अकरा वाजायला अजून वेळ होता, पण ते लवकर आले होते.

यंत्र बंद झालं. सिस्टर भिंतीला धरून उठल्या.

"साहेब, मी तुम्हाला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही न्यायचा म्हणाल तर आत्ता न्या, मी आड येणार नाही. पण एक विचारते. या बाईंना द्याल का? त्या याला पुन्हा उभा करतील. तुम्ही नाही म्हणालात तरी माझा राग नाही."

पियानोवाल्या बाई मान खाली घालून गुंडाळी परत गुंडाळत होत्या. मागणार नाही असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि ते त्या पाळत होत्या.

सोफावाले कसेबसे आत आले. पियानोभोवती एक चक्कर मारली, एक पट्टी बोटाने दाबून बघितली.

"माझी आई वाजवायची," ते म्हणाले. आवाज प्रथमच साध्या माणसासारखा आला होता. "वाईट वाजवायची. आम्ही कान झाकून घ्यायचो." मग घसा खाकरून त्यांनी पुन्हा नगारा केला. "अहो सिस्टर, मी लाकडाचा धंदा करतो, खाटकाचा नाही! मला सांगितलं होतं की हे बंद आहे, म्हणून मी सौदा केला. हे कुठे बंद आहे? पण ट्रक आणलाय, चार माणसं आणलीयत. रिकाम्या हाताने गेलो तर बायको घरात घेणार नाही. दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

सिस्टरांनी भाचीकडे बघितलं. भाचीने आतल्या खोलीतल्या कपाटाकडे बघितलं. तेच ते, तिच्या घरात मावेल की नाही म्हणून ती महिनाभर फूटपट्टी घेऊन फिरत होती.

सोफावाल्यांनी कपाट बघितलं, दार उघडलं, लावलं. "झकास लाकूड!" ते म्हणाले, आणि सगळे खो खो हसत सुटले.

कपाट त्या दिवशी गेलं. पियानो दोन दिवसांनी गेला, आणि तोही सोफावाल्यांच्याच ट्रकमधून. त्यांनीच हट्ट धरला. "एवढा चार तासांचा रस्ता, भलत्याच्या हातात कशाला देता?" दार चौकटीतून काढावं लागलं. त्यांच्या माणसांनी पियानो असा उचलला, की सिस्टरांना वॉर्डातले चांगले वॉर्डबॉय आठवले. सिस्टरांनी चौघांना चहा दिला, आणि प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेऊन आभार मानले. त्या धटिंगणांना कुठे बघावं ते कळेना.

भाचीकडे सिस्टर रुळल्या. पण पहिले काही महिने त्यांचा वेळ जाता जाईना. भाची आणि जावई कामावर गेले की घर खायला उठायचं. दर पंधरवड्याला पियानोवाल्या बाईंचा फोन यायचा. आज अमुक सुटा केला, आज तमुक सापडलं, पहिल्या कारागिराने एका भात्याच्या आत पेन्सिलने आकडे लिहिलेत. सिस्टर फोनला कान लावून बसायच्या. वसंत सरता सरता बाई म्हणाल्या, "सिस्टर, आठ दिवस येऊन राहा ना. अठ्ठ्याऐंशी छोटे भाते आहेत, सगळ्यांना नवं कापड चढवायचंय. मी एकटी आहे. आणि तुम्हाला येते तशी गळती मला ऐकू येत नाही."

"मला काय येतंय त्यातलं?" सिस्टर म्हणाल्या, पण पिशवी भरायला घेतली.

बाईंची कार्यशाळा म्हणजे एक उंच खिडक्यांची लांबट खोली होती. टेबलावर भाते ओळीने मांडलेले, तळहाताएवढे. सरस मंद आचेवर ठेवलेला, त्याचा उग्र वास. बाईंनी कापड कसं कापायचं, कसं ताणायचं ते एकदा दाखवलं. सिस्टरांनी आयुष्यभर पट्ट्या बांधल्या होत्या. कोपरा कसा दुमडायचा हे त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. भाता तयार झाला की त्या तो कानाशी नेऊन हळूच दाबायच्या आणि एक तर बाजूला ठेवायच्या, नाहीतर "हा परत" म्हणून बाईंकडे सरकवायच्या. पहिल्या दिवशी दोन झाले. आठवड्याअखेरी रोजचे चार होऊ लागले.

आठ दिवसांसाठी गेलेल्या सिस्टर तीन आठवडे राहिल्या. भाचीचा फोन आला. "मावशी, अगं येणार आहेस की नाही? आम्ही काय समजायचं?"

"येते गं रविवारी," सिस्टर म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात परत यायचंय इथे. दुसरा एक पियानो आलाय. बिचाऱ्याला कुणीतरी नखशिखांत डिंक फासलाय. बघवत नाही."

"गुडघे काय म्हणतायत?"

"गुडघ्यांना विचारायला वेळ कुठाय! बरं ठेव आता फोन, सरस गार होईल."

त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि सत्त्याहत्तरावा भाता पुढे ओढला.